परीक्षेच्या हॉलमध्ये हुंकार

"गुरुजी, हा 'हू' कोनाचा हाये?"

यमुनाबाईंनी ओळीवर बोट ठेवून विचारलं आणि मी कपाळाला हात लावला. मागच्या रविवारी त्यांनी हेच विचारलं होतं. मी समजावलं होतं. त्यांनी मान हलवली होती. आता परीक्षा तोंडावर आली होती आणि आम्ही होतो तिथेच होतो.

वाक्य असं होतं : 'द मॅन हू सोल्ड द बुलक टु माय अंकल लिव्ज इन कामठा.' म्हणजे, ज्या माणसाने माझ्या काकाला बैल विकला, तो कामठ्यात राहतो. यमुनाबाईंनी अर्थ लावला होता की माणसाने बैल विकला आणि काका कामठ्यात राहतात.

"काका कुठून आले कामठ्यात?" मी जरा चिडूनच विचारलं.

"काऊन? 'लिव्ज'च्या बाजूले तं काकाच बसून हाये ना. माणूस राहिला तिकडं दूर."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. इंग्रजी भाषेचा हा चावटपणाच आहे.

मी गोंदियाच्या एका हायस्कुलात इंग्रजी शिकवत असे. नोकरीची सगळी वर्षं मी तेच केलं. त्या सुमारास आमचा भाग नुकताच मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात आला होता. राज्य बदललं, शिक्के बदलले, पण मॅट्रिकचा इंग्रजीचा पेपर काही बदलला नाही. निकाल लागला की दरवर्षी शाळेवर सुतक आल्यासारखं होई. गणितात, इतिहासात पोरं तरून जात. इंग्रजीत धडाधड पडत. आणि इंग्रजीतही पडत ती बहुतेक एकाच जागी, लांब वाक्यांत.

ज्यांचा इंग्रजीशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. मराठीत आपण 'जो' म्हणून आधी सूचना देतो आणि 'तो' म्हणून गाठ मारतो. जो माणूस काल आला, तो माझा भाऊ. ऐकणाऱ्याला कळतं की आता माणसाची ओळख चालली आहे, 'तो' येईपर्यंत थांबायचं आहे. इंग्रजी तसं करत नाही. ती माणसाला दारात उभा करते, त्याची सगळी कुळकथा मध्येच घुसवते आणि मग न सांगता पुन्हा त्याच्याकडे वळते. ही कुळकथा जोडणाऱ्या 'हू', 'व्हिच', 'दॅट' या शब्दांना रिलेटिव्ह प्रोनाउन म्हणतात. त्यांच्या जोडीला मॉडिफायर असतात. ते म्हणजे वाक्याला लावलेली शेपटं. शेपूट कुणाच्या मागे लावलं त्यावर सगळं अवलंबून. 'पाटलाने वाघ पाहिला, बांधावर बसलेला.' आता बांधावर वाघ बसला होता की पाटील? मी हे फळ्यावर लिहिलं की वर्ग हसायचा. हसून झालं की पेपरात पाटलाला वाघ करून यायचा.

यमुनाबाई वर्गातल्या विद्यार्थिनी नव्हत्या. त्या बाहेरून परीक्षेला बसणाऱ्या. अशा प्रायव्हेट लोकांसाठी मी रविवारी शाळेत एक वर्ग घेत असे. कामठ्याहून बाजाराला भाजी घेऊन येणाऱ्या कुणाच्या तरी बैलगाडीत बसून त्या येत. वय तिशीच्या आतलं. नवरा तापाने गेलेला, पदरात एक मुलगी. घरची धानाची शेती होती, पण ती सगळी भासऱ्यांच्या, म्हणजे थोरल्या दिराच्या हातात. नवरा गेल्यावर त्या घरात त्यांना शेणापासून धानाच्या रोवणीपर्यंत सगळं काम होतं आणि विचारणारं कोणी नव्हतं. मग गावात मुलींची प्राथमिक शाळा निघाली. मास्तरीण मिळेना, म्हणून सातवी झालेल्या यमुनाबाईंना टेम्पररी घेतलं. त्या नोकरीवर त्यांनी गावातच एक खोली भाड्याने घेतली आणि मुलीला घेऊन वेगळ्या राहू लागल्या. ही खोली म्हणजे त्यांचं सर्वस्व होतं.

मॅट्रिक झाल्या तर नोकरी कायम होणार होती. मागच्या वर्षी बाकीच्या सगळ्या विषयांत पास होऊन त्या इंग्रजीत गेल्या. शाळा तपासायला आलेल्या बाईंनी स्वच्छ सांगितलं, "आणखी एक संधी. नंतर मी गोंदियाची मॅट्रिक पास मुलगी आणीन." ती संधी आता चालू होती. नापास म्हणजे नोकरी नाही, नोकरी नाही म्हणजे खोली नाही, आणि खोली नाही म्हणजे परत भासऱ्यांचं अंगण.

मला हे सगळं माहीत होतं. म्हणून 'हू कोनाचा' असं त्यांनी विचारलं की मला त्यांचा राग यायचा आणि स्वतःच्या शिकवण्याची शरम वाटायची.

मी म्हटलं, "यमुनाबाई, वाक्य आधी मनात एकदा पूर्ण वाचा. तोंड बंद. मग अर्थ लावा."

त्या ओठ मिटून वहीकडे बघत बसल्या. मग म्हणाल्या, "मनात वाचलं का सारं एकमेकांत घुसते, गुरुजी. डोळे पुढं जाते, मी मांगंच राहते."

एका रविवारी त्यांची सासू बाजाराला म्हणून सोबत आली. म्हातारीचं धाकट्या सुनेवर प्रेम होतं. थोरल्या मुलाच्या घरी राहत असली तरी संध्याकाळी पोथी ऐकायला सुनेच्या खोलीवर जायची. त्या दिवशी मला यायला उशीर झाला. व्हरांड्यात पाऊल टाकलं तर आतून यमुनाबाईंचा आवाज. म्हातारी पाय पसरून भिंतीला टेकली होती आणि यमुनाबाई तिला आमच्या पुस्तकातला इंग्रजी उतारा वाचून दाखवत होत्या. पोथी वाचतात त्याच चालीवर.

"द ओल्ड फिशरमॅन... मंजे म्हातारा ढिवर."

"हूं," म्हातारी म्हणाली.

"हूज बोट हॅड बीन ब्रोकन... कोनता ढिवर? ज्याचा डोंगा फुटला होता, तो."

"हूं."

"बाय द स्टॉर्म... कायनं फुटला? वाऱ्यावादळानं."

"हूं. मंग?"

"सॅट बाय द लेक... मंग तो, तो डोंगा फुटलेला ढिवर, तलावाच्या काठी बसला."

"अरे देवा," म्हातारी हळहळली.

मी दारातच थांबलो. वाक्य अचूक सुटलं होतं. शेपूट शेपटाच्या जागी होतं. 'हूज' वर्गात कोणाला लागत नसे, तो यांना बसल्या जागी लागला होता.

मग ध्यानात आलं. या भागात पोथी वाचायची म्हणजे एकट्याने वाचायची नसते. वाचणारा एक ओळ वाचतो, थांबतो, अर्थ सांगतो. ऐकणाऱ्यांपैकी कोणीतरी 'हूं' म्हणतो. त्याला हुंकार देणं म्हणतात. हुंकार आला की वाचणाऱ्याला कळतं, एवढं पोचलं, आता पुढे जायला हरकत नाही. हुंकार नाही आला तर तो पुन्हा सांगतो. गोष्ट सांगतानाही तसंच. हुंकार देणारा झोपला की गोष्ट थांबते. यमुनाबाई लहानपणापासून असंच वाचत आलेल्या. वाचणं म्हणजे कुणाला तरी सांगणं, याशिवाय दुसरी रीत त्यांना ठाऊकच नव्हती.

त्या दिवसापासून मी खुर्चीवर बसून हुंकार देऊ लागलो. खरं सांगतो, नोकरीत इतकं सोपं काम मी कधी केलं नाही. त्या वाचत, 'हू'पाशी, 'व्हिच'पाशी थांबत, स्वतःलाच विचारत, 'कोनता?' आणि स्वतःच उत्तर देत. मी फक्त 'हूं' म्हणायचो. चुकलं तर गप्प बसायचो. गप्प बसलो की त्या मागे जाऊन दुसरी वाट धरत. होळीपर्यंत त्यांनी मागच्या सगळ्या पेपरांतले उतारे सोडवले.

मग एका दुपारी घरी जेवताना घास हातातच राहिला. परीक्षेत हुंकार कोण देणार?

पुढच्या रविवारी मी त्यांना एका रिकाम्या वर्गात बसवलं. उतारा दिला आणि म्हटलं, "आवाज नाही. ओठ हलवायचे नाहीत. मी बाहेर आहे." वेळ संपल्यावर आत गेलो. कागदावर काका पुन्हा कामठ्यात राहायला आले होते, म्हणजे तशाच चुका, तीच गुंतागुंत. यमुनाबाईंचे डोळे भरले होते.

"जमत नाई गुरुजी. तोंड बंद केलं का कानबी बंद होते."

मी तोंडात पदर धरायला सांगितला. कानात कापूस घालून पाहिला. म्हटलं, मनातल्या मनात सासूबाई समोर बसल्या आहेत असं समजा. हे शेवटचं थोडंफार जमलं. पण वाक्य लांब झालं की आवाज आपोआप बाहेर पडायचा आणि त्यांना पत्ताही नसायचा.

मी परीक्षा केंद्राच्या सुपरिंटेंडेंट साहेबांकडे गेलो. केंद्र दुसऱ्या शाळेत होतं. साहेब सरळ माणूस, नियमाने चालणारा. मी म्हटलं, "एका बाईंना वेगळ्या खोलीत बसवता येईल का?"

"आंधळ्या आहेत?"

"नाही."

"हात मोडलाय?"

"नाही साहेब. त्यांना मोठ्याने वाचल्याशिवाय समजत नाही."

साहेबांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. "तुम्ही इंग्रजी शिकवता ना?"

"हो."

"मग त्यांना मनात वाचायला शिकवा."

"बराच प्रयत्न केला."

"मास्तर, बोर्डाच्या नियमांत मोठ्याने वाचणाऱ्यांसाठी खोली नाही. उद्या कोणी म्हणेल मला गाऊन दाखवायचंय."

ते विनोद करत होते. त्यांना हसू आलं, मला आलं नाही. पण काय करणार, बोर्डाच्या दृष्टीने ते बरोबर होते.

इंग्रजीचा पेपर आला. आपल्या विद्यार्थ्यांच्या खोलीत आपल्याला सुपरव्हिजन देत नसत, म्हणून मला शेजारचा हॉल होता. मधली दारं उकाड्यामुळे उघडी. प्रायव्हेटचे सगळे परीक्षार्थी, बाया, पुरुष, एकाच हॉलमध्ये. तिथे एक तरुण सुपरवायझर होते, शहरातून नवीन आलेले, हिंदी बोलणारे. काम चोख करत होते.

सुरुवातीचा तासभर शांततेत गेला. मला वाटलं, निभावलं. मग पलीकडून अगदी बारीक आवाज आला. पोथीची चाल.

"बाई, आवाज़ नहीं," सुपरवायझर म्हणाले. आवाज थांबला.

थोड्या वेळाने पुन्हा. या वेळी शब्द ओळखू आले. "...कोनता गाव? जो नदीच्या..."

आणि पलीकडून, दुसऱ्या कोणाच्या तरी गळ्यातून, स्वच्छ, जाड आवाज आला.

"हूं."

मी उभ्या जागी डोळे मिटले.

"कौन बोला? खड़े हो जाओ!"

यमुनाबाईंच्या मागच्या बाकावर नवेगाव बांधकडचा एक नाकेदार बसला होता. नाकेदार म्हणजे जंगलखात्याचा गार्ड. मॅट्रिक झाला तर त्याला बढती होती. मिशा पिकायला लागलेला माणूस, पेपरातलं निम्मं न समजून पेन चावत बसलेला. पुढून पोथीच्या चालीवर काहीतरी कानावर आलं, ओळ संपली, वाचणारी थांबली आणि याच्या तोंडून हुंकार निघून गेला. आयुष्यभराची सवय. कोणी थांबलं की हुंकार द्यायचा, नाहीतर सांगणाऱ्याचा अपमान होतो.

दोघांचे पेपर काढून घेतले. मला हॉल सोडता येईना. घंटा होईपर्यंत मी माझ्या हॉलमधल्या पोरांमधून येरझारा घालत राहिलो. एकाही पोराच्या कागदावर काय लिहिलंय ते मला दिसत नव्हतं.

घंटा झाली तसा धावत ऑफिसात गेलो. नाकेदार हात जोडून उभा होता.

"साहेब, मले तं इंग्रजी येतच नाई. मी काय सांगन बाईले? ते वाचून राहिली होती, आपोआप हुंकार निघाला."

"ती विचारत होती, 'कोणता गाव?' आणि तू उत्तर दिलंस," सुपरिंटेंडेंट साहेब म्हणाले.

"उत्तर नाई जी, हुंकार."

"साहेब, हा खरं बोलतोय," मी मध्ये पडलो. "ही इकडची रीत आहे. 'हूं' म्हणजे उत्तर नव्हे. मी तुम्हाला आधीच सांगायला आलो होतो."

"मास्तर, मला बोर्डाला रिपोर्ट पाठवायचाय. काय लिहू? हुंकार दिला? नागपुरात बसलेला माणूस विचारेल, हा कोडवर्ड आहे का? दोन परीक्षार्थी हॉलमध्ये बोलले, सुपरवायझरने ऐकलं, तुम्ही स्वतःही ऐकलं. ऐकलं की नाही?"

"ऐकलं."

"झालं तर मग."

त्यांनी रिपोर्ट आधीच लिहून ठेवला होता, इंग्रजीत, एका लांबलचक वाक्यात. कागद यमुनाबाईंपुढे सरकवला. "खाली सही करा."

यमुनाबाई इतका वेळ भिंतीपाशी उभ्या होत्या. चेहरा राखेसारखा झाला होता. त्या पुढे आल्या आणि म्हणाल्या, "वाचल्याबिगर सही करत नाई मी."

"वाचा. आता किती मोठ्याने वाचायचं तितकं वाचा."

त्यांनी ओळीवर बोट ठेवलं. "द कॅंडिडेट... परीक्षेले बसलेली बाई. हू वॉज रीडिंग अलाउड... कोनती बाई? जे मोठ्यानं वाचून राहिली होती, ते. मंजे मी." त्या थांबल्या. ऑफिसात कोणी हुंकार दिला नाही. "द पॅसेज व्हिच वॉज गिव्हन... कोनता उतारा? पेपरात जो दिला होता, तो. वॉज आन्सर्ड... त्या बाईले जवाब भेटला. बाय अनदर कॅंडिडेट सिटिंग बिहाइंड हर... कोन बसला होता मांगं? बाई नाई, तो दुसरा, हा नाकेदार."

त्या माझ्याकडे वळल्या. "बरोबर हाये का गुरुजी?"

"बरोबर आहे."

"सारंच?"

"सगळं बरोबर आहे, यमुनाबाई."

"मंग इंग्रजी बरोबर हाये तं गोष्ट खोटी काऊन हाये?"

सुपरिंटेंडेंट साहेब खिडकीबाहेर बघू लागले. त्यांनाही कळलं होतं की ज्या गोष्टीची परीक्षा होती ती बाईंना येते. त्याचा उपयोग काही नव्हता. त्यांनी टाक पुढे केला. यमुनाबाईंनी सही केली. अक्षर सुरेख होतं. मला ऑफिसातच रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

दोघांनाही बोर्डाने पुढच्या परीक्षेला बसायला बंदी केली. नाकेदाराची बढती गेली. कामठ्याच्या शाळेत गोंदियाची मॅट्रिक झालेली मुलगी आली. मी तपासणीच्या बाईंना भेटलो, अर्ज केला, आणखी एकदा भेटलो. त्या म्हणाल्या, "कॉपीत सापडलेली मास्तरीण मी मुलींपुढे कशी उभी करू?"

धान निघाल्यावर मी कामठ्याला गेलो. बंदी उठल्यावर पुन्हा बसा, मी फुकट शिकवतो, एवढं सांगायला. यमुनाबाई भासऱ्यांच्या अंगणात चुलवणावर धान उकडत होत्या. धुराने डोळे लाल. हात राखेने भरलेले. मला बघून त्यांनी पदर नीट केला, आतून पाण्याचा लोटा आणून दिला आणि माझं सगळं म्हणणं ऐकून घेतलं.

"आता कायले, गुरुजी?" त्या म्हणाल्या. रागाने नाही. धान खाली लागू नये म्हणून काठीने ढवळतच त्या बोलत होत्या.

ओसरीवर म्हातारी सासू बसली होती. जवळ नात, नऊ-दहा वर्षांची, मांडीवर पोथी घेऊन. पोरीचे डोळे ओळीवरून सरसर चालले होते. ओठ घट्ट मिटलेले आणि त्यांच्यावर डाव्या हाताचं बोट दाबून धरलेलं.

"अवो पोरी, मोठ्यानं वाच ना. काय लिवलं हाये तं सांग," म्हातारी म्हणाली.

पोरीने आईकडे पाहिलं.

"मनात वाच," यमुनाबाई म्हणाल्या. मग मला सांगू लागल्या, "मी शिकवलं तिले. पयले लय रडे. आता अजिबात आवाज नाई निघत."

पोरीने पान उलटलं. म्हातारीने थोडी वाट पाहिली. "मंग? पुढं काय झालं?" तिने विचारलं. पोरीने ओठांवरचं बोट आणखी दाबलं. तिने भिंतीला डोकं टेकवलं आणि डोळे मिटून घेतले.

मी लोटा खाली ठेवला आणि परतीची वाट धरली.

पुढच्या वर्षापासून माझ्या वर्गात ओठ हलवणाऱ्याला मी बाकावर उभं करू लागलो. शाळेचा निकाल थोडा सुधारला, हेडमास्तरांनी सभेत माझं नाव घेतलं. नव्याने नोकरीला लागणाऱ्या मास्तरांना मी एकच सांगत असे. परीक्षा समजलं की नाही याची नसते, गप्प बसून समजलं की नाही याची असते. हे पोरांना पहिल्याच दिवशी सांगून टाकावं. नंतर सांगितलं तर फार उशीर होतो.